जिनिव्हातला एक दिवस आणि आपली रत्नांग्री
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि १९९६ च्या दहावीच्या बॅचमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू युनोत होतीस ना, त्याबद्दल बोल." एवढ्या वर्षांत ही बातमी गावात कशी फुगत गेली असेल याची मला कल्पना आहे, म्हणून आधी खुलासा करते. मी राजदूत वगैरे नव्हते. मी तीन महिने इंटर्न होते. इंटर्न म्हणजे उमेदवारी करणारा. वकिलाच्या ऑफिसात जसा नवा ज्युनियर असतो, फायली उचलतो, झेरॉक्स काढतो आणि मध्ये मध्ये कान देऊन ऐकतो, तसं. पगार नव्हता. गळ्यात एक बिल्ला होता, आणि तो दाखवला की दारं उघडायची. बावीस-तेवीसच्या वयात तेवढंही खूप वाटतं.

२००२ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी मी जर्मनीला गेले. तिथल्या सरकारी विद्यापीठात फी जवळजवळ नव्हती, म्हणूनच जाऊ शकले. विभागाच्या फलकावर एक कागद लागला होता: जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाला कॉम्प्युटर कळणारे विद्यार्थी हवे आहेत. अर्ज केला, निवड झाली. विद्यापीठात तासांवर काम करून साठवलेले पैसे, आईने दिलेली कुळथाची पिठी आणि आमसुलं, एवढ्या बळावर मी २००३ च्या उन्हाळ्याअखेर जिनिव्हात उतरले.

हा संघ काय करतो ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्या प्रत्येकाच्या खिशात त्याचं काम आहे. दीडशे वर्षांपूर्वी तार एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सरहद्दीवर अडायची. प्रत्येक देशाची यंत्रं वेगळी, नियम वेगळे, दर वेगळे. अलीकडच्या तारबाबूने ती कागदावर उतरवायची, पलीकडच्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती पुन्हा पाठवायची. यावर उपाय म्हणून १८६५ मध्ये वीस देश पॅरिसमध्ये जमले आणि हा संघ स्थापन झाला. म्हणजे संयुक्त राष्ट्रांपेक्षा तो ऐंशी वर्षांनी मोठा. भारत १८६९ पासून त्यात आहे. आपल्या फोन नंबरच्या आधी जो ९१ लागतो, तो याच संघाने ठरवलेल्या यादीतला. जिनिव्हाहून घरी फोन लावताना मी आधी ९१ फिरवायची आणि मग शून्य वगळून २३५२. रत्नागिरीचा २३५२ आपल्या टेलिफोन खात्याने दिलेला, पण त्याआधीचा ९१ साऱ्या देशांनी मिळून मान्य केलेला. त्यातल्या एकाने जरी हट्ट केला असता तरी माझा फोन आईपर्यंत पोचला नसता. मुत्सद्देगिरी म्हणजे युद्ध, तह आणि हस्तांदोलनाचे फोटो असं मला वाटायचं. ती अशी रोजच्या वापरातली वस्तू असते हे मला तिथे कळलं.

त्या वर्षी डिसेंबरात जिनिव्हात 'माहिती समाज' या विषयावर जागतिक शिखर परिषद व्हायची होती. इंटरनेट सगळ्यांपर्यंत कसं पोचवायचं, त्यावर कोणाचा ताबा असावा, गरीब देशांसाठी पैसे कोण देणार, असे तिचे विषय. तिच्या तयारीत आमचा संघ पुढे होता. शिखर परिषदेत मोठी माणसं येऊन सह्या करतात, पण मसुद्याची खरी ओढाताण आधीच्या तयारीच्या बैठकांत होते. तशी एक बैठक सप्टेंबरमध्ये दोन आठवडे चालली. त्यातला एक दिवस मी आज तुम्हाला सांगणार आहे.

बैठक होती 'पॅले दे नासिओं' या इमारतीत. पहिल्या महायुद्धानंतर जो राष्ट्रसंघ निघाला, त्याच्यासाठी ती बांधली गेली. भोवती मोठी बाग आणि बागेत चक्क मोर. समोरच्या चौकात बारा मीटर उंचीची एक लाकडी खुर्ची आहे, तिचा एक पाय मोडलेला. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय गेले, त्यांच्यासाठी ती उभी केली आहे. सकाळी तिथे पोचलं की आधी ती खुर्ची दिसायची आणि मग मोरांचा ओरडा ऐकू यायचा.

माझं पहिलं काम पाट्या लावण्याचं. प्रत्येक देशाच्या नावाची एक पाटी, ती ज्याच्या त्याच्या टेबलावर, वर्णानुक्रमाने. भारताच्या शेजारी इंडोनेशिया, पुढे इराण. मोझांबिक, मग म्यानमार, मग नामिबिया. देश केवढा आहे, त्याच्याकडे किती सैन्य आहे, याचा त्या रांगेत काही संबंध नाही. सगळ्या पाट्या एका मापाच्या. बोलायचं असलं की प्रतिनिधी ती पाटी उचलून उभी धरतो किंवा टेबलावर उभी करून ठेवतो आणि अध्यक्षांची नजर पडायची वाट बघतो. आपण वर्गात हात वर करायचो, तसंच.

दहा वाजता बैठक सुरू. मी मागे भिंतीशी बसलेली. पडद्यावर मसुदा. त्यात जिकडे तिकडे चौकोनी कंस. ज्या शब्दांवर एकमत झालेलं नाही ते कंसात टाकायचे, ही तिथली रीत. एकमत झालं की कंस निघतो. एखाद्या वाक्यात कंसात कंस, त्यात तिसरा पर्याय, बीजगणिताच्या सरांनी फळ्यावर लिहावं तसं. आणि भांडण कशावरून? इंग्रजीतल्या 'शॅल' आणि 'शुड' या दोन शब्दांवरून. एका बाजूला हवं 'देशांनी हे करायचंच', दुसऱ्या बाजूला हवं 'देशांनी हे करावं'. पाऊण तास चाललं होतं. मला मनातल्या मनात हसू येत होतं, कारण हे प्रकरण आपल्या बाईंनी नववीत मिटवलेलं आहे: एक आज्ञार्थ आणि दुसरा विध्यर्थ! बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. 'मुलांनी अभ्यास करावा' यात विनंती आहे, अपेक्षा आहे, पण छडी नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. शंभराहून जास्त देशांची माणसं त्या छडीवरूनच वाद घालत होती. मी कॉलेजात गणित, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग सगळं शिकले, पण त्या सभागृहात मला सर्वात उपयोगी पडलं ते व्याकरण.

माझं दुसरं काम कागदांचं. प्रत्येक दस्तऐवज सहा भाषांत निघतो: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. त्या सहाही प्रती वेबसाइटवर चढवायच्या आणि छापील गठ्ठे काउंटरवर पोचवायचे. इंग्रजी प्रत आधी येते, बाकीच्या मागाहून. आणि आपल्या भाषेतली प्रत हातात पडेपर्यंत चर्चा नको, असं एखादा देश ठामपणे सांगतो. तो प्रतिनिधी कॉरिडॉरमध्ये माझ्याशी उत्तम इंग्रजी बोलायचा. म्हणजे त्याचं अडत नव्हतं. तरीही खुर्चीवर बसला की तो त्याच्या देशाच्या भाषेत बोले आणि त्याच भाषेत कागद मागे. आपण मराठी माध्यमातली मुलं अकरावीत गेल्यावर शेवटच्या बाकावर का बसलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. इंग्रजीत चूक होईल म्हणून. आणि इथे हे लोक, इंग्रजी येत असून, आपली भाषा हक्काने वापरत होते. त्यांना कोणी हसत नव्हतं. उलट त्यांच्यासाठी काचेच्या खोल्यांत दुभाषे बसवलेले होते, दर अर्ध्या तासाने पाळी बदलणारे, कारण त्याहून जास्त वेळ ते काम डोक्याला झेपत नाही.

आता दुपारची गोष्ट. कागदपत्रांच्या काउंटरवर एक साठीच्या घरातले गृहस्थ असायचे. शांत, नीटनेटके. ब्रह्मदेशचे. फार वर्षांपूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत आले होते. त्यांच्या देशाचे ऊ थांट १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते. इथल्या शिक्षकांसाठी मुद्दाम सांगते, ऊ थांट मूळचे एका लहान गावातल्या शाळेचे हेडमास्तर. हेडमास्तर जगाचा कारभार सांभाळू शकतो याचं आपल्या विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटायचं कारण नाही!

त्या गृहस्थांनी गठ्ठे मोजता मोजता विचारलं, भारतात कुठली? मी नेहमीचं उत्तर दिलं, मुंबईजवळची. परदेशात आपण सगळेच असं सांगतो. तीनशेहून जास्त किलोमीटरचं अंतर 'जवळ' या एका शब्दात गुंडाळून टाकतो. ते म्हणाले, जवळ म्हणजे नेमकं कुठे? मी म्हटलं, रत्नागिरी.

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "यदनागिरी," ते म्हणाले.

मला आधी कळेना. मग त्यांनी राजाचं नाव घेतलं. आपल्याला थिबा राजा म्हणजे काय? सहलीची जागा, थिबा पॉइंटवरचा सूर्यास्त, चौथीच्या वहीत काढलेलं राजवाड्याचं चित्र. त्यांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे जिथे त्यांचा शेवटचा राजा नेऊन ठेवला, ती जागा. त्यांच्या आजीने तिच्या आईकडून ऐकलेलं होतं: १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी राजाला आणि राणीला मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढलं, बैलगाडीत बसवलं आणि नदीवरच्या बोटीकडे नेलं. हत्तीवरून मिरवायचा राजा बैलगाडीतून चाललेला लोकांनी पाहिला. त्यांच्या घरात रत्नागिरी हे नाव तेव्हापासून होतं. गाव कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत, की तिथून राजा परत आला नाही.

मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. समुद्र दिसतो का? पाऊस कसा असतो? राजवाडा उभा आहे का? कबर आहे का? आणि मी सांगत गेले. १८८६ मध्ये राजाला इथे आणलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, तोवर ते भाड्याच्या बंगल्यांत राहिले. नव्या राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. राणी पुढे ब्रह्मदेशात परतली, पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परत आली आणि इथेच वारली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच तिने संसार केला, आणि ती आपल्यासारखंच मराठी बोलायची. तीन वर्षांपूर्वीच, २००० मध्ये, ती वारली होती. राजाची नात मराठी बोलत होती, हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी त्यांना टिळकांबद्दल सांगितलं. आमच्या गावात जन्मलेला माणूस १९०८ ते १९१४ तुमच्या मंडालेच्या तुरुंगात होता, आणि त्याच वेळी मंडालेचा राजा आमच्या गावात कैदेत होता. ते हसले. म्हणाले, म्हणजे इंग्रजांनी आपल्या दोन गावांची अदलाबदल केली!

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर त्यांच्या लिपीत 'रत्नागिरी' लिहिलं. गोल गोल अक्षरं. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून सांगितलं, आणि लक्षात आलं की ते लिहितात र, त, ना असंच, फक्त उच्चार 'यदना' होतो. आपण तरी कुठे लिहितो तसं म्हणतो? लिहितो रत्नागिरी आणि म्हणतो रत्नांग्री. मी खाली देवनागरीत लिहिलं. दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी, शेकडो वर्षांनी दोघी एका कागदावर शेजारी बसल्या.

माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, हे कॉम्प्युटरवर टाकते आणि तुम्हाला छापून देते. देवनागरीसाठी यंत्रात आधी एक जादा भाग बसवावा लागला, मग अक्षरं आली. २००३ साल होतं, मराठीची अवस्था तुम्हाला आठवत असेल. एका फॉन्टमध्ये लिहिलेलं पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडलं की नुसती चिन्हं दिसायची. त्यांच्या भाषेची गत त्याहून वाईट. त्या यंत्रावर तिची सोयच नव्हती. पडद्यावर ओळीने रिकामे चौकोन आले. ज्या इमारतीत जगभर माहिती पोचवायची चर्चा चालली होती, तिथल्याच यंत्रावर त्या माणसाला स्वतःच्या राजाच्या शेवटच्या गावाचं नाव लिहिता येत नव्हतं. त्यांनी हाताने लिहिलेला कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, असू दे, हातानेच बरं.

दुपारचं सत्र तीन ते सहा. सहा वाजता दुभाष्यांची वेळ संपते. वाद अर्धवट असला की अध्यक्ष विचारतात, दुभाष्यांशिवाय, फक्त इंग्रजीत पुढे चालवायचं का? त्या संध्याकाळीही तसंच झालं. सगळे दमलेले, कॉफी संपलेली, मान हलवून मोकळे व्हायला तयार. तेवढ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाची पाटी उभी राहिली. आवाज न चढवता त्या बाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या, ज्या भाषेत मी सही करणार आहे त्या भाषेत मला कळलं पाहिजे. बैठक दुसऱ्या दिवसावर गेली. कोणी कुरकुर केली नाही. या तयारीच्या सगळ्या बैठकांचे अध्यक्षही आफ्रिकेतलेच होते, मालीचे माजी शिक्षणमंत्री आदामा सामासेकू, आणि ते स्वतः भाषातज्ज्ञ. वैविध्य असलेल्या भाषांना इंटरनेटवर जागा मिळाली पाहिजे, हा मुद्दा त्या मसुद्यात होता आणि डिसेंबरात मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात तो राहिला.

रात्री खोलीवर येऊन मी पिठलं-भात केला आणि हिशोब मांडला. त्या सभागृहात सहा भाषांना खुर्ची आहे. मराठी बोलणारे आठ कोटींवर, पण आपली भाषा त्या सहांत नाही आणि उद्याही नसेल. याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, जगातल्या हजारो भाषांचं तेच आहे. पण जिथे खुर्ची मिळत नाही तिथेही जागा करता येते. ती करायची माणसं वेगळी. अक्षरं नीट उमटवणारे, कीबोर्ड बनवणारे, शब्दकोश भरणारे, मजकूर लिहिणारे. त्यांना पाटी नसते.

त्या एका दिवसाने माझं आयुष्य बदललं असं म्हटलं तर भाषण छान होईल, पण तसं झालं नाही. शिक्षण संपल्यावर मी चारचौघींसारखी नोकरी धरली, बँकांची सॉफ्टवेअर लिहिली. पण पुढे जेव्हा मोबाइलवर भारतीय भाषांची अक्षरं नीट दिसावीत अशा कामाची संधी समोर आली, तेव्हा मला दोनदा विचार करावा लागला नाही. ते रिकामे चौकोन डोळ्यासमोर होते. आज तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुप्रभात' पाठवता, रोज सकाळी, न चुकता, आणि ते कुठल्याही फोनवर सुप्रभात असंच दिसतं. त्यामागे जगभरच्या अनेकांनी वर्षानुवर्षं घातलेले वाद आहेत, कंस घालून आणि कंस काढून. २०१४ पासून वेबसाइटचा पत्तासुद्धा देवनागरीत लिहिता येतो, शेवटी '.भारत' लावून. ब्रह्मी लिपीलाही उशिरा का होईना पडद्यावर जागा मिळाली.

आणि २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन आपल्या रत्नागिरीत आले, थिबा राजाच्या कबरीवर जाऊन त्यांनी आदरांजली वाहिली. ती बातमी वाचताना मला काउंटरवरचे ते गृहस्थ आठवले. तेव्हा ते निवृत्त झालेले असणार. कुठे होते ते मला माहीत नाही, पण त्यांनी ती बातमी त्यांच्या लिपीत वाचली असावी, अशी माझी इच्छा आहे.

मित्रांनो, आता दोन गोष्टी मागते. भाषण करायला बोलावलं की कोकणी माणूस काहीतरी मागणारच.

पहिली गोष्ट आपल्या मुलांसाठी आणि शाळेत आज शिकणाऱ्यांसाठी. अशा संस्थांची दारं बंद नसतात. विद्यार्थी असताना अर्ज करता येतो. खर्चाचा प्रश्न खरा आहे, कारण बिनपगारी उमेदवारी ज्याला परवडते तोच तिथे पोचतो, आणि हा अन्यायच आहे. आज आपल्यातले पुष्कळजण बऱ्या स्थितीत आहेत. शाळेतून गेलेल्या एखाद्या मुलीला अशी संधी आली आणि तीन महिन्यांचं भाडं आडवं आलं, तर ते आपल्या बॅचने भरावं. समिती नको, ठराव नको, फक्त तिने कोणाला फोन करायचा ते ठरवून ठेवू. मी माझा नंबर मुख्याध्यापकांकडे देऊन जाणार आहे.

दुसरी गोष्ट. नववीच्या मुलांना दर वर्षी एकदा थिबा राजवाड्यात आणि राजाच्या कबरीवर न्यावं, सहल म्हणून नाही, इतिहासाचा तास म्हणून. आणि परत आल्यावर प्रत्येकाने आपापल्या वाडीबद्दल, आळीबद्दल, बंदराबद्दल एक पान मराठीत लिहावं. भाट्ये, मांडवी, टिळक आळी, जे ज्याचं असेल ते. शिक्षकांनी तपासावं आणि निवडक मजकूर मराठी विकिपीडियावर चढवावा. तांत्रिक मदत मी करीन. कुठेतरी लांब बसलेल्या कोणाच्या तरी घरात आपल्या गावाचं नाव असतं. त्याने ते शोधलं तर त्याला काहीतरी सापडलं पाहिजे, आणि ते इथल्या माणसाने, इथल्या भाषेत लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि हो, परदेशात कोणी विचारलं कुठून आलात, तर 'मुंबईजवळ' म्हणू नका. रत्नागिरी म्हणा. समोरचा काय म्हणेल सांगता येत नाही.

बाई, सर, तुम्ही शिकवलेलं कुठे कुठे उपयोगी पडतं हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं बोलले. जेवण तयार आहे असा मागून इशारा झाला आहे, आणि आंबोळ्या गार झाल्या तर मला कोणी माफ करणार नाही. इथेच थांबते.